माहेर पाण्याखाली आणि वेल्सचा टोमॅटोवाला

माझं माहेर वर्षातले दहा-अकरा महिने पाण्याखाली असतं, त्यामुळे माहेरचा पत्ता सांगायला मला इतर बायकांपेक्षा दोन वाक्यं जास्त लागतात. "माहेर कुठलं गो?" असं कुणी विचारलं की मी "कुर्डी" म्हणते. बाई सांगे-केपेकडची असली तर तिला तेवढं पुरतं. पणजी-म्हापशाकडची असली तर विचारते, "म्हणजे नेमकं कुठे?" मग साळावलीचं धरण आलं, मे महिन्यात ओसरणारं पाणी आलं, सोमेश्वराचं देऊळ आलं आणि शेवटी गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं नाव आलं. त्या नावाशी बाईचा चेहरा उजळतो. गाव बुडालं तरी आडनावात शिल्लक आहे, एवढा दिलासा.

यंदा मी लिहायला बसले ते मात्र कुर्डीबद्दल नव्हे. निदान बसताना तरी तसं ठरवलं नव्हतं. मला लिहायचं होतं वेल्समधल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या इंग्लंडला लागून असलेल्या प्रदेशातल्या, एका राजकारण्याबद्दल, जो आयुष्यभर विरोधी बाजूला राहिला, बहुतेक निवडणुका हरला आणि पोटापाण्यासाठी टोमॅटो पिकवायचा. आमच्या कुडचड्यातल्या वाचनालयात हे सांगितलं तेव्हा ग्रंथपाल म्हणाले, "बाई, तुम्हाला दुसरं कुणी मिळालं नाही?"

मिळाला तो असा. माझी लेक कार्मार्थन या गावात नर्स आहे. पाच-सहा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी ती सुट्टीच्या दिवशी गाडीने अॅबरिस्टविथला समुद्र बघायला निघाली होती. (गोव्यातल्या मुलीने समुद्र बघायला दीड-दोन तास गाडी चालवायची, हे मला अजून पटत नाही.) वाटेत, रस्त्याच्या कडेला, एका पडक्या घराची भिंत. लाल रंगावर पांढऱ्या मोठ्या अक्षरांत दोन शब्द. तिने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "आये, हें पळय. हांगाय एक कुर्डी आसा." (आई, हे बघ. इथेही एक कुर्डी आहे.)

भिंतीवरचे शब्द होते 'कोव्ह्यूख द्रुवेरिन'. त्रुवेरिन विसरू नका. त्रुवेरिन म्हणजे उत्तर वेल्समधली एक नदी आणि तिचं खोरं. आता 'त्रु'चं 'द्रु' का झालं, तर वेल्श भाषेत आधीच्या शब्दाच्या परिणामाने पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. आपल्याकडे संधी होतो तसं काहीसं, फक्त शब्द न जोडता. गंमत अशी की १९६० च्या दशकात मेइक स्टीव्हन्स या तरुणाने ही भिंत पहिल्यांदा रंगवली तेव्हा त्याने 'त्रुवेरिन' असंच लिहिलं होतं. म्हणजे व्याकरण चुकलं होतं. पुढे कुणीतरी ते दुरुस्त केलं. मी तेहतीस वर्षं मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे राष्ट्राच्या अस्मितेच्या भिंतीवर शुद्धलेखनाची चूक, हे कळल्यावर मला त्या देशाबद्दल एकदम जिव्हाळा वाटू लागला.

त्या खोऱ्यात कॅपेल केलिन नावाचं खेडं होतं. बारा घरं, शाळा, पोस्ट, प्रार्थनामंदिर, त्यालगतची दफनभूमी आणि आजूबाजूची शेतं. सगळं गाव वेल्श बोलणारं. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल महापालिकेला पाणी हवं होतं, त्यासाठी नदीवर धरण. महापालिकेने थेट लंडनच्या संसदेत खाजगी विधेयक नेलं, त्यामुळे वेल्समधल्या कुठल्याही स्थानिक संस्थेची परवानगी घ्यावी लागली नाही. १९५७ साली विधेयक मंजूर झालं. वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिलं नाही, तरी मंजूर झालं. १९६५ साली खोरं भरलं.

आमच्याकडे कुर्डी. साळावली नदीवर धरण, तेही पिण्याच्या पाण्यासाठी आणि शेतीसाठी, दक्षिण गोव्याला. १९८६ च्या सुमारास पाणी गावावरून गेलं. भात, नारळ, काजू, फणस, देऊळ, कपेल, मुसलमानांचं पवित्र स्थान, सगळं एकाच तळ्यात. फरक एवढाच की आमचं पाणी परराज्यात गेलं नाही. आपल्याच माणसांच्या नळाला गेलं. म्हणून रागवायचं कुणावर, हा प्रश्न आमच्या लोकांना कधी नीट सुटला नाही.

लेकीच्या फोटोनंतर मी तिला विचारलं, "तिथे कुणी 'नाही' म्हणालं होतं?" ती म्हणाली, "आई, एक माणूस होता. इथलाच खासदार झाला पुढे. नाव वाच, पण वाचताना इंग्रजी विसर."

नाव ग्विनव्हॉर एव्हन्स. इंग्रजी वाचनाने ते 'ग्विन्फोर' होतं, पण वेल्शमध्ये एका 'एफ'चा उच्चार 'व' आणि 'फ'साठी दोन 'एफ' लागतात. हे कळेपर्यंत मी आठ दिवस माणसाचं नाव चुकीचं घेत होते.

जन्म १ सप्टेंबर १९१२, कार्डिफजवळच्या बॅरी या बंदराच्या गावात. वडील डॅन एव्हन्स यांचं तिथे मोठं दुकान होतं, तव्यापासून कापडापर्यंत सगळं मिळणारं. घरात इंग्रजी. हा वेल्सचा पुढारी वेल्श बोलत मोठा झालाच नाही! शाळेत असताना शिकू लागला, वाढत्या वयात अभ्यास करून ती आपली केली. पुढे अॅबरिस्टविथला आणि मग ऑक्सफर्डला कायदा शिकला. वकील झाला, पण वकिलीत रमला नाही. दुसऱ्या महायुद्धात त्याने शस्त्र घ्यायला नकार दिला. धर्माने ख्रिस्ती, वृत्तीने अहिंसावादी, गांधीजींना मानणारा. सक्तीच्या लष्करभरतीतून त्याला विनाअट सूट मिळाली. आणि मग हा ऑक्सफर्डचा वकील कार्मार्थनशायरमधल्या लांगादोग नावाच्या गावी टोमॅटो पिकवू लागला. (या गावाच्या नावातला पहिला 'ल' जीभ दातांमागे ठेवून बाजूंनी हवा सोडत म्हणायचा असतो. मी आरशासमोर प्रयत्न केला. नवरा म्हणाला, डॉक्टरकडे जाऊया का?)

काचेच्या घरांत टोमॅटो. त्या थंड प्रदेशात दुसरा इलाज नाही. आम्ही गोव्यातली माणसं टोमॅटोसाठी बेळगावच्या ट्रकची वाट बघतो, त्यामुळे टोमॅटो पिकवून सात मुलं वाढवणाऱ्या पुढाऱ्याबद्दल मला आदर वाटणं साहजिक आहे. १९४१ साली त्याने ऱ्हियानन यांच्याशी लग्न केलं. १९४५ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, तो प्लाइड कम्री या पक्षाचा अध्यक्ष झाला. 'प्लाइड' म्हणजे पक्ष आणि 'कम्री' म्हणजे वेल्सचं त्यांचं स्वतःचं नाव. १९८१ पर्यंत तोच अध्यक्ष. छत्तीस वर्षं! आपल्याकडे हे ऐकून कुणी दचकणार नाही, पण आपल्याकडचे तसे अध्यक्ष सत्तेत असतात. याच्या पक्षाचा सुरुवातीची एकवीस वर्षं संसदेत एकही माणूस नव्हता.

१९४५ पासून तो निवडणुकीला उभा राहत होता आणि पडत होता. बहुतेकदा मेरियनेथ मतदारसंघात, ज्यात कॅपेल केलिनचं ते खोरं होतं. १९५१ साली त्राउस्व्हॅनिथ इथे लष्कराच्या तळासाठी जमिनी घेण्याविरुद्ध त्याने रस्त्यावर बैठक मारून सत्याग्रह केला होता. मग आलं त्रुवेरिन. नोव्हेंबर १९५६ मध्ये तो लिव्हरपूलच्या महापालिकेच्या सभेत उठून बोलायला लागला, तर नगरसेवकांनी ओरडून, बाकं बडवून त्याचा आवाज बुडवला आणि पोलिसांनी त्याला बाहेर काढलं. दोन आठवड्यांनी तो पुन्हा गेला. या वेळी कॅपेल केलिनचं गाव बरोबर घेऊन. म्हातारी माणसं, बायका, शाळेतली पोरं, हातात फलक, अनोळखी शहराच्या रस्त्यांवरून चालत.

त्या मोर्चाचा जुना फोटो लेकीने दाखवला. मी तो बराच वेळ बघत बसले. त्या बायकांनी ठेवणीतले कोट घातले होते. आपल्याकडे कुणी पणजीला कचेरीत जायचं म्हणून नऊवारी बदलून ठेवणीतलं लुगडं नेसतं तसं.

आमच्या कुर्डीहून असा मोर्चा निघाला नाही. मी लहान होते, पण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं पक्कं आठवतं. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात आले होते. त्यांनी लोकांना समजावलं की तुमचं गाव जाईल, पण सगळ्या दक्षिण गोव्याला पाणी मिळेल. भाऊसाहेब म्हणजे आमच्या भागात देवानंतरचा माणूस. कुळांच्या बाजूने उभा राहिलेला, गावोगाव मराठी शाळा काढणारा. मी शिकले ती शाळा त्यांच्यामुळे आणि नोकरी केली तीही अप्रत्यक्षपणे त्यांच्यामुळेच. त्यांना 'नाही' कोण म्हणणार? माझ्या वडिलांनी मान डोलावली. सगळ्यांनी डोलावली. भाऊसाहेब १९७३ साली गेले. धरण भरलेलं त्यांनी पाहिलं नाही.

लिव्हरपूलच्या नगरसेवकांवर रागावणं सोपं होतं, असं मला कधी कधी वाटतं. आमच्या गावात समोर बसलेला माणूस आपला होता, आपली भाषा बोलत होता आणि खरंच बोलत होता. दक्षिण गोव्याला पाणी मिळालंच. पण भाऊसाहेबांच्या समोर, त्याच मंडपात, कुणीतरी उभं राहून चार प्रश्न विचारायला हवे होते. जमीन किती, कुठे, कशी? देवाचं काय? मसणाचं काय? कुळागरं नव्या जागी उभी राहीपर्यंत खायचं काय? उत्तरं तीच आली असती कदाचित. तरी विचारायला हवे होते.

ग्विनव्हॉर हरलाच, हेही लगेच सांगून टाकते. गाव वाचलं नाही. १९५९ च्या निवडणुकीत मेरियनेथच्या मतदारांनीही त्याला निवडून दिलं नाही. पक्षातले तरुण म्हणू लागले की हा फारच सभ्य आहे, मोर्चे आणि पत्रकं यांनी धरणं थांबत नाहीत. १९६३ च्या फेब्रुवारीत धरणाच्या कामावरचा ट्रान्सफॉर्मर स्फोटाने उडवला गेला आणि एक विद्यार्थी तुरुंगात गेला. ग्विनव्हॉर हिंसेच्या बाजूने कधीच गेला नाही. जुने ज्येष्ठ, ज्यांनी पक्ष स्थापला, तेही त्याच्यावर टीका करत होते. दोन्हीकडून मार. २१ ऑक्टोबर १९६५ रोजी लिव्हरपूलवाल्यांनी धरणाचं उद्घाटन ठेवलं, तेव्हा एवढा जमाव चालून आला की समारंभ काही मिनिटांत आटोपावा लागला.

आणि मग नऊ महिन्यांनी तो जिंकला.

मार्च १९६६ च्या सार्वत्रिक निवडणुकीत कार्मार्थनमध्ये तो तिसरा आला होता. जिंकल्या होत्या मजूर पक्षाच्या लेडी मेगन लॉइड जॉर्ज, पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या पंतप्रधानांची मुलगी. मे महिन्यात त्यांचं निधन झालं. १४ जुलैला पोटनिवडणूक. ग्विनव्हॉरला १६,१७९ मतं, मजूर पक्षाला १३,७४३. मताधिक्य २,४३६. प्लाइड कम्रीचा पहिला खासदार. लेकीच्या शेजारी ऐंशी ओलांडलेली एक आजी राहते. तिला मी विचारलं, लोकांनी अचानक मत का बदललं? ती म्हणाली, त्रुवेरिन वगैरे होतंच, पण आमची रेल्वे बंद केली होती ना! कार्मार्थन ते अॅबरिस्टविथ गाडी १९६५ च्या फेब्रुवारीत कायमची बंद झाली होती. शिवाय खाणी बंद पडत होत्या. तिचे वडील जन्मभर मजूर पक्षाला मत देणारे, त्या एका दिवशी गुपचूप दुसरीकडे शिक्का मारून आले आणि घरी येऊन दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

खाणी बंद पडल्या की मतं कशी फिरतात, ते सांगे-कुडचड्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

त्याच वेळी इकडे आमच्याकडे काय चाललं होतं? सहाच महिन्यांनी, १६ जानेवारी १९६७ रोजी, गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहण्याला दोन पानं. मी नऊ-दहा वर्षांची होते आणि आमच्या अंगणात मुलं फूल-पान, फूल-पान असा खेळ खेळत. घरात सगळे फुलाचे. १,७२,१९१ मतं दोन पानांना, १,३८,१७० फुलाला. चौतीस हजारांच्या फरकाने आम्ही हरलो. विरोधी पक्षनेते डॉ. जॅक सिक्वेरा जिंकले. त्या रात्री वडिलांनी त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आज, या वयात, मला वाटतं की विरोधी पक्षनेत्याने एवढं मोठं काही करून दाखवल्याचं उदाहरण देशात फार सापडणार नाही. सरकार त्यांचं नव्हतं, बहुमत त्यांचं नव्हतं, तरी गोव्याचं भवितव्य आमदारांच्या मतदानावर न सोडता लोकांकडे न्यायला लावलं. वडील असते तर या वाक्यावर ताटावरून उठले असते.

मी घरात कोंकणी बोलते आणि लिहिते मराठीत. गोव्यात हे एवढं सांगितलं तरी दोन्ही बाजूंची माणसं रागावतात. १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या आधीची आंदोलनं मी पाहिली आहेत, शाळा बंद असायची तेव्हा घरी बसून वह्या तपासल्या आहेत. म्हणून भाषेसाठी भांडणाऱ्या पुढाऱ्यांकडे मी जरा संशयानेच बघते. ग्विनव्हॉरकडेही तसंच बघितलं.

संसदेत तो एकटा. पहिल्याच दिवशी वेल्शमध्ये शपथ घेऊ द्या म्हणाला, परवानगी मिळाली नाही. मजूर पक्षाचे वेल्श खासदारच त्याच्यावर सगळ्यात जास्त चिडून. एकट्या माणसाने काय करायचं? त्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली. लेखी प्रश्न, आमच्या विधानसभेच्या भाषेत अतारांकित. वेल्समध्ये रस्त्यांवर किती खर्च, शाळा किती, रुग्णालयं किती, बेकार किती, पाणी बाहेर किती जातं. त्या काळी वेल्सचे वेगळे आकडे सरकारकडे मागावेच लागत, कारण सगळा हिशेब इंग्लंडबरोबर एकत्र. प्रश्न शेकड्यांनी झाले आणि उत्तरांच्या पुस्तिका पक्षाने छापून वाटल्या. मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीतली ही गोष्ट सर्वांत जास्त आवडते. ना भाषण, ना घोषणा. सरकारच्याच तोंडून सरकारचे आकडे काढून घ्यायचे आणि शांतपणे छापायचे. हजेरीपटावरून शाळेची खरी स्थिती काढतात तसं.

१९७० साली तो हरला. फेब्रुवारी १९७४ मध्ये पुन्हा हरला, आणि कितीने? ३ मतांनी. मोजणी पुन्हा पुन्हा झाली. आमच्या पंचायतीच्या निवडणुकीत तीन मतांनी पडलेला एक उमेदवार मला माहीत आहे. तो अजूनही त्या तिघांची नावं सांगतो, आणि दर वेळी वेगळी. इथे तर अख्खा संसदीय मतदारसंघ, चौतीस हजारांहून जास्त मतं दोघांत विभागलेली आणि तीनचा फरक! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुन्हा निवडणूक लागली, तेव्हा ३,६४० ने जिंकला.

१९७९ हे वर्ष म्हणजे साडेसाती. १ मार्चला वेल्सच्या वेगळ्या विधिमंडळासाठी सार्वमत झालं आणि वेल्सच्याच लोकांनी एकास चार या प्रमाणात ते नाकारलं. दोन महिन्यांनी ग्विनव्हॉर स्वतःची जागाही हरला. वय सहासष्ट. इथे बहुतेक लोक टोमॅटोकडे परतले असते.

त्या निवडणुकीत मार्गारेट थॅचर यांचा हुजूर पक्ष सत्तेवर आला. वेल्श भाषेसाठी स्वतंत्र दूरचित्रवाहिनी देण्याचं वचन त्या पक्षाने दिलं होतं. सत्तेवर आल्यावर काही महिन्यांतच शब्द फिरवला. वेल्समध्ये हजारो लोकांनी टीव्हीचं लायसन्स शुल्क भरायला नकार दिला. (तिथे टीव्ही ठेवायला दरवर्षी लायसन्स लागतं. आपल्याकडे रेडिओचं लागायचं, आठवतं?) आणि मे १९८० मध्ये ग्विनव्हॉरने जाहीर केलं, की ६ ऑक्टोबरपासून मी उपोषणाला बसेन आणि वाहिनी मिळेपर्यंत अथवा मरेपर्यंत उठणार नाही.

इथे मी अडखळले. वाहिनीसाठी मरण? लेकीशी फोनवर माझं भांडणच झालं. मी म्हटलं, ही धमकी आहे. 'मी मरेन आणि मग पोरं पेटतील' असा त्याचा अर्थ होतो, मग तोंडाने अहिंसा म्हणायची कशाला? ती म्हणाली, गांधींनी केलं तेव्हा तू धड्यात शिकवलंसच ना? शिकवलं होतं. वर्षानुवर्षं शिकवलं होतं, प्रश्नोत्तरांसकट. तरी अजून माझं समाधान झालेलं नाही. एवढं मात्र खरं की तो गंमत करत नव्हता. उन्हाळाभर गावोगाव सभा घेत फिरला. वेल्सचे आर्चबिशप आणि आणखी दोन वजनदार माणसं गृहमंत्री विल्यम व्हाइटलॉ यांना भेटून सांगून आली, की हा माणूस खरंच बसेल. १७ सप्टेंबरला सरकारने माघार घेतली. पुढे तीन-साडेतीन आठवड्यांत थॅचरबाईंनी पक्षाच्या अधिवेशनात 'ही बाई वळणारी नाही' असं ते गाजलेलं वाक्य टाकलं. वळून झालं होतं, एकदा.

१ नोव्हेंबर १९८२ ला ती वाहिनी सुरू झाली. 'एस फोर सी' म्हणतात तिला. त्याच सुमारास आमच्या कुर्डीतली माणसं कौलं उतरवत होती. घराची वासे, दारं, पाटे-वरवंटे, तुळशीवृंदावनाचा वरचा भाग, असं जमेल ते ट्रकात. कदंबकालीन महादेवाचं देऊळ पुरातत्त्ववाल्यांनी दगड दगड मोजून, नंबर घालून हलवलं आणि धरणाजवळ पुन्हा उभं केलं. आमच्या घराला नंबर घालायला कुणी नव्हतं. आईने चुलीच्या तीन दगडांपैकी एक बरोबर घेतला. वाडे इथे मिळालेल्या भूखंडावर वडिलांनी घर बांधलं. माझं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते तिथल्या ओल्या भिंतींत झालं. ती मुलगी म्हणजे हीच, वेल्समधली नर्स.

गेल्या वर्षी मी तिच्याकडे चार महिने जाऊन आले. नातू आठ वर्षांचा आहे. शाळेत वेल्श शिकतो. लहान होता तेव्हा सकाळी 'कीव' लावून बसायचा, 'कीव' म्हणजे कोंबडीचं पिल्लू, त्या वाहिनीवरचा छोट्यांचा कार्यक्रम. म्हणजे ज्या वाहिनीसाठी म्हातारा मरायला निघाला होता, तिच्यावर आता माझा नातू कार्टून बघून वेल्श बोलतो. आईशी कोंकणी, मित्रांशी इंग्रजी. मराठी? मराठी नाही. आजीने तेहतीस वर्षं हजारभर मुलांना 'कमळ' लिहायला शिकवलं, आणि सख्ख्या नातवाला ते लिहिता येत नाही. मी ज्या शेवटच्या शाळेतून निवृत्त झाले ती पटसंख्येअभावी दुसऱ्या शाळेत विलीन केली. आम्हाला विलीनीकरण मिळालं ते असं.

एका रविवारी लेकीने मला त्या तळ्यावर नेलं. तीन-साडेतीन तासांचा रस्ता, सगळा वळणांचा आणि मेंढ्यांचा. तळ्याचं नाव ह्लिन केलिन. सुंदर आहे, हे कबूल करायला मला त्रास झाला. काठावर एक छोटं स्मारक-मंदिर बांधलंय आणि जुन्या दफनभूमीतले नावांचे दगड तिथे आणून ठेवलेत. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये लिव्हरपूल महापालिकेने वेल्सच्या लोकांची जाहीर माफी मागितली. चाळीस वर्षांनी. ग्विनव्हॉर ती ऐकायला नव्हता. त्याच वर्षी २१ एप्रिलला, ब्याण्णवाव्या वर्षी, तो घरीच वारला.

पण १९९७ त्याने पाहिलं. १८ सप्टेंबरला पुन्हा सार्वमत झालं, तेच विधिमंडळ, तोच प्रश्न. रात्रभर 'नाही'चं पारडं जड होतं. शेवटचा निकाल यायचा राहिला तो कार्मार्थनशायरचा, आणि त्याने पारडं फिरवलं. सगळ्या वेल्समध्ये मिळून फरक ६,७२१ मतांचा. शेजारची आजी सांगत होती की पहाटे ती स्वयंपाकघरात एकटी नाचली. तिचा नवरा 'नाही'वाला होता, तो झोपायला निघून गेला.

लांगादोगजवळ गार्न गोख नावाची टेकडी आहे. लोहयुगातला दगडी तट असलेली. तिथे ग्विनव्हॉरच्या स्मरणार्थ एक उभा दगड आहे. आम्ही गेलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता, दगडापाशी एक मेंढी अंग घासत उभी होती आणि आम्ही आलो तरी ती हटली नाही. खाली दिसणाऱ्या शेतांत टोमॅटोची काचघरं कुठे असतील ते मी शोधत होते. दिसली नाहीत.

यंदाच्या मेमध्ये लेक नातवाला घेऊन आली. सोमेश्वराच्या उत्सवाला आम्ही सगळे कुर्डीला गेलो. वाट नेहमीसारखी, भेगाळलेली माती, पांढऱ्या पडलेल्या झाडांचे बुंधे, मध्येच एखादी गाडी रुतलेली. कपेलाकडची माणसं, वाड्यांवरची माणसं, मुंबईहून आलेली माणसं, सगळी आपापला चौथरा शोधत. आमच्या घराचं काही उरलेलं नाही. जोतं आहे आणि अंगणातून वर चढणाऱ्या पायऱ्या आहेत, जांभ्याच्या, कडा झिजलेल्या. नातवाला सांगितलं, इथे आजी राहायची. त्याने आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, "मग तू नको का नाही म्हटलंस?"

मी म्हटलं, मी लहान होते.

तो पायऱ्या चढू लागला, मोजत. ईन, दाय, त्री, पेद्वार, पिम्प. 'पिम्प'ला शेजारच्या चौथऱ्यावरचा एक चुलतभाऊ खो खो हसला आणि विचारू लागला की हे पोरगं कुठली भाषा बोलतंय. सहावी पायरी गाळात गेली होती. नातू काठी घेऊन ती उकरत बसला, आणि लेक त्याला ओरडत होती, की नवे बूट आहेत, उठ.